सुळे काढायचे, की कवळीखाली राखायचे?

पत्र थोडक्यात: पत्रलेखकांचं वय ६२. वरचे सगळे दात आठ वर्षांपूर्वी गेले. पूर्ण कवळी आहे आणि तिच्याबद्दल त्यांची तक्रार नाही. खाली चारच दात उरलेत, दोन सुळे आणि मधले पटाशीचे दोन. पटाशीचे चांगलेच हलतात, सुळे थोडेसे. त्यांना तारेने अडकवलेली अर्धी कवळी बोलताना उचलते. हे गृहस्थ शिकवण्या घेतात, आणि शिकवता शिकवता हात आपोआप तोंडापुढे जातो. एक डेंटिस्ट म्हणाले, चारही काढा, पूर्ण कवळी करू. दुसऱ्यांनी सुचवलं, की पटाशीचे काढू, सुळ्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीलगत कापू, मुळांवर बटणं बसवू आणि त्यावर कवळी अडकवू. मुलाचं म्हणणं, जुन्या मुळांवर पैसे घालण्यापेक्षा सरळ इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचं धातूचं कृत्रिम मूळ) करा. पत्रलेखक विचारतात: मेलेल्या, हलणाऱ्या दातांवर कवळी टिकेल का? एकदा केलं की कायमचं सुटेल का? आणि बटणांची कवळी रात्री काढावी लागणार नाही ना? शेवटी एक ओळ आहे: "बायकोने मला अजून बिनदातांचं पाहिलेलं नाही."

नमस्कार,

तुमची ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण तुमचा निर्णय बराचसा तिथेच अडकलाय असं मला वाटतं. तिच्याकडे येतेच. आधी सुळ्यांकडे बघू, कारण त्यांच्याबद्दल तुम्ही जे धरून चालला आहात ते तितकंसं खरं नाही.

"मेलेले दात" हा शब्द सगळेच वापरतात, आम्ही डेंटिस्टसुद्धा. रूट कॅनालमध्ये आम्ही काढतो ती दाताच्या आतली नस. मूळ ज्या बारीक तंतूंनी हाडाला बांधलेलं असतं, ते तंतू बाहेरच्या बाजूला असतात आणि जिवंतच राहतात. किती जोरात चावलं, घासात खडा आहे का, हे सांगणारे तेच. स्वतःच्या दातांना २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडीची वस्तू जाणवते. पूर्ण कवळी लावणाऱ्याला ती १०० मायक्रॉनच्या घरात गेल्यावर कळते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे दातात अडकलेला केस तुम्हाला कळेल, कवळीत अडकलेला बहुधा नाही. मूळ राखलं तर ही जाण सगळी नाही, पण बरीचशी उरते.

आता हलण्याबद्दल. खालच्या सुळ्याचं मूळ साधारण १६ मिलिमीटर लांब असतं आणि वर दिसणारा दात ११. समजा, हाड सहा मिलिमीटर खाली गेलंय. म्हणजे १० मिलिमीटर हाडात आणि १७ बाहेर. जमिनीत जेमतेम रोवलेल्या खुंट्याला वरच्या टोकाला धरून हलवलं तर तो डुगडुगणारच. तोच खुंटा जमिनीलगत कापला तर हलवायला हातात धरणार काय? दात हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटरपर्यंत उतरवला, की बाहेर राहतात चार-पाच मिलिमीटर, तेही बरेचसे हिरडीत झाकलेले. शिवाय हिरडीचे उपचार नीट झाले तर थोडा हलणारा सुळा काही आठवड्यांत घट्ट झालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. म्हणून "हलतोय, म्हणजे गेला" हा हिशेब घाईचा आहे. आज उंच असताना तो किती हलतो यापेक्षा एक्स-रेमध्ये त्याचं निम्मं मूळ तरी हाडात आहे का, हे बघायचं. पटाशीच्या दातांची मुळं बारीक आणि आखूड. ते चांगलेच हलत असतील तर त्यांच्यासाठी मी भांडणार नाही.

सुळे राखण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळंच आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही: हाड. जबड्याचं जे हाड दातांभोवती असतं ते दातांसाठीच असतं. दात गेले की ते झिजायला लागतं आणि थांबत नाही. खालचं तर वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. टॅलग्रेन या संशोधकांनी १९७२ साली २५ वर्षांच्या नोंदींवरून हे दाखवलं. १९७८ साली क्रम (Crum) आणि रूनी या संशोधकांनी दोन गटांची पाच वर्षांची मापं मांडली. खालचे सुळे राखून त्यावर कवळी घालणाऱ्यांचं पुढचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं होतं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२. एकीकडे नखाची जाडी, दुसरीकडे अर्धा सेंटिमीटर. खालच्या जबड्यात अर्धा सेंटिमीटर म्हणजे फार. वरच्या कवळीला टाळूसकट २३ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळते, खालच्या कवळीला जेमतेम १२, आणि त्यातही मध्ये जीभ सारखी हलत असते. तुमची वरची कवळी आठ वर्षं गपगुमान बसली म्हणून खालचीही बसेल, असं समजून पहिल्या डेंटिस्टकडे जाऊ नका. खालची पूर्ण कवळी हे निराळंच प्रकरण आहे. मी तीस वर्षं कवळ्याच करते आहे. 'खालची उचलते' हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर येतं.

तेव्हा सुळ्यांची मुळं राखावीत, असं माझं मत. पण बटणं लगेच बसवावीत का, याचं उत्तर मी 'थांबा' असं देईन.

ही बटणं म्हणजे काय, ते आधी डोळ्यांपुढे आणा. कपड्याचं टिचबटण असतं ना, एका भागाला गोळी आणि दुसऱ्याला खळगा, तसंच हे. मुळात एक धातूची खुंटी सिमेंटने बसवतात, तिच्या डोक्यावर छोटी गोळी किंवा बुटकी चकती असते. कवळीच्या आतल्या बाजूला, बरोबर त्याच जागी, धातूच्या वाटीत रबराची रिंग किंवा नायलॉनची टोपी असते. कवळी दाबली की 'टक्' असा आवाज होतो आणि ती धरून राहते. हा आवाज पेशंटला फार आवडतो, आणि मलाही. पण हाड राखणं, स्पर्श कळणं, पुढून कवळीला टेकू मिळणं ही कामं बटणाची नव्हेत, ती मुळाची. बटण फक्त कवळी वर उचलू देत नाही. अनेकांना नुसत्या गोल घुमटासारख्या कापलेल्या, वरून फिलिंग केलेल्या मुळांवर बसणारी नीट मापाची कवळी पुरते. म्हणून शक्य असेल तर तीन-चार महिने तसंच वापरून बघा. तेवढ्यात सुळे घट्ट राहतात का, हिरडी बरी राहते का आणि (हे महत्त्वाचं) तुम्ही ती रोज साफ करता का, हे तुम्हालाही कळेल आणि डेंटिस्टलाही. मग वाटलं तर बटणं. फक्त कवळी करतानाच डेंटिस्टना सांगून ठेवा, की पुढे बटणाला लागेल एवढी उंची आत सोडा. ही जागा आधी न सोडता नंतर आतून कोरून बटण बसवलं, की प्लास्टिक तिथे पातळ होतं आणि कवळी नेमकी सुळ्याच्या वर तडकते. जागा कमी असेल तर आत धातूची जाळी घालून घ्यावी.

बटणाचे प्रकार बरेच आहेत आणि त्यावर डेंटिस्ट लोक आपसांत तासभर वाद घालू शकतात. तुम्हाला कामापुरतं सांगते. मूळ अशक्त असेल तर बुटकं बटण घ्यावं. बटण जितकं उंच, तितका मुळावर आडवा ताण जास्त. बुटक्या चकतीच्या मध्ये मात्र कधी कधी खळगा असतो, त्यात अन्न ठासून बसलं की कवळी पूर्ण खाली जात नाही, आणि लोक समजतात बटण बिघडलं. हाताला कंप असेल, बोटांच्या सांध्यांत दुखत असेल, तर घट्ट गोळीचं बटण काढता काढता नाकी नऊ येतात. तिथे चुंबक बरा. त्याची पकड कमी, पण तो आपोआप जागेवर येतो आणि मुळाला फारसा हिसका देत नाही. चुंबक लाळेने गंजून कमजोर होऊ शकतो, आणि पुढे एमआरआय करायची वेळ आली तर मुळावर धातू आहे हे तिथे सांगावं लागतं. दोन्ही सुळ्यांना जोडणारी आडवी दांडी हा आणखी एक प्रकार. तिच्याखाली ब्रश घालायला जो धीर लागतो तो फार थोड्यांकडे असतो. बटणं दोन असतील तर ती एकमेकांना समांतर हवीत, नाहीतर कवळी घालता-काढताना टोप्या भराभर झिजतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, "कायमचं सुटेल का". नाही. नायलॉनची टोपी किंवा रिंग साधारण वर्षभरात, कधी आधीच, सैल होते आणि बदलावी लागते. ते पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण दरवेळी जावं लागतं. मागच्या दाढांच्या जागचं हाड झिजतच राहणार, कारण तिथे मुळं नाहीत. मग कवळी पुढच्या दोन बटणांवर सीसॉसारखी वर-खाली व्हायला लागते आणि सगळा मार मुळांवर येतो. घरी तपासायचं असेल तर एका बाजूच्या दाढेवर बोटाने दाबा. कवळी मागे खाली बसून पुढे उचलत असेल तर आतून नवं अस्तर भरायची वेळ झाली. 'बटण सैल झालंय, घट्ट करा' म्हणून येणाऱ्या निम्म्या पेशंटचं दुखणं खरं तर हेच असतं, आणि अशा वेळी बटण घट्ट केलं तर मूळ आणखी लवकर जातं.

मुळं नेमकी कशाने जातात, तेही ऐका. मुळाला उभी चीर जाणं, खुंटी निसटणं, हे होतं. पण मोठा शत्रू कीड. दात कापल्यावर वरचं कठीण कवच जातं, उघडा राहतो तो मऊ भाग, आणि त्यावर कवळीचं झाकण. लाळ तिथे नीट पोचत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ होते, बटणं बसवल्यावर दोन वर्षं फिरकलेच नाहीत. आले तेव्हा कवळी तोंडातून काढली तर एक बटण कवळीतच अडकून बाहेर आलं, आणि मुळाच्या जागी ओल्या लाकडासारखा तपकिरी भुगा. दुखलं कसं नाही? नस आधीच काढलेली होती ना. दुखत नाही हा रूट कॅनालचा फायदा आणि तोटाही: कीड लागली तरी ओरडायला आत कुणी नसतं.

म्हणून हे शिकून घ्या. रात्री कवळी काढायची, आरशापुढे ओठ बोटाने खाली ओढायचा. मूळ म्हणजे हिरडीतून वर आलेलं वाटाण्याएवढं बेट. त्याच्या भोवती, हिरडी जिथे मुळाला चिकटते त्या रेषेवर, मऊ ब्रश तिरका धरून सावकाश फिरवायचा, जिभेच्या बाजूनेसुद्धा. तिथेच सगळे चुकतात. पहिले काही दिवस थोडं रक्त येईल. घाबरून ब्रश थांबवू नका, पण आठवड्यानंतरही येत असेल तर दाखवा. मग जास्त फ्लोराइडचं जेल, जे डेंटिस्टच्या चिठ्ठीवर मिळतं, कवळीच्या त्या दोन खळग्यांत थेंबभर सोडून काही मिनिटं कवळी घालून ठेवायची आणि उरलेलं थुंकायचं. जेल रोज की कधी, हे तुमची लाळ आणि कीड बघून ते सांगतील. कवळी वेगळी घासायची, साध्या साबणाने, टूथपेस्टने नाही, कारण तिने ओरखडे पडतात. खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. गरम पाणी नको. ब्लीचच्या द्रावणातही नको, आत धातू आहे.

आणि कवळी बसवताना चावून बसवू नका! दोन्ही बाजूंना बोटं ठेवून दाबा. एका बाईंची नायलॉनची टोपी दर दोन महिन्यांनी फाटायची, मला कळेना. शेवटी म्हटलं, माझ्यासमोर घालून दाखवा. त्यांनी कवळी तोंडात टाकली आणि दात आपटले, कड्क! काढतानाही दोन्ही बाजूंनी एकदम उचलायची, एका बाजूने पिळून नव्हे.

आता मुलाचं म्हणणं. तो चुकीचं बोलत नाहीये. खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी ही पहिली पसंती असावी, असं २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं होतं. इम्प्लांटला कीड लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते वाक्य "एकही दात नसेल तर" असं सुरू होतं. तुमच्याकडे दोन सुळे आहेत. हातचं सोडून पळत्यामागे धावायची गरज आज दिसत नाही. इम्प्लांटला ऑपरेशन लागतं, त्याला ते जाणवणारे तंतू नसतात, आणि त्याच्याभोवतीची हिरडीही साफ ठेवावीच लागते, त्यातून सुटका नाही. मुलाला एक गोष्ट समजावून सांगा: आज मुळं राखली आणि पाच-सात वर्षांनी एखादं गेलं, तर ते काढून कवळीतली ती जागा भरता येते, कवळी चालू राहते, आणि तोवर टिकलेल्या हाडात इम्प्लांटही बसतो. आज उपटलं तर मात्र परतीची वाट नाही.

पहिल्या डेंटिस्टवरही अन्याय नको. काही वेळा काढणंच योग्य असतं. मुळाला चीर गेलेली असेल, कीड हिरडीच्या खूप खाली उतरली असेल, दात दाबल्यावर उभा खाली-वर होत असेल, हिरडीतला पू उपचार करूनही थांबत नसेल, तर काढा. रोजची सफाई करणं माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना शक्यच नसेल, तर कवळीखाली कुजणारी मुळं ठेवण्यापेक्षाही काढणं बरं. तोंड सारखं कोरडं पडत असेल तर दहादा विचार करा. याउलट हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, विशेषतः इंजेक्शनं, चालू असतील, किंवा जबड्याला रेडिएशन झालेलं असेल, तर दात काढल्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो आणि मूळ राखणंच शहाणपणाचं ठरतं. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर तीही पहिल्याच भेटीत सांगा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. नसेलच असं मी धरत नाही. लोक हे दाताच्या डॉक्टरला सांगायचं विसरतात.

आता ती ओळ. बटणांची कवळी रात्री काढावी लागते. "पक्की" या शब्दाने तुमचा गैरसमज झालाय. ती पक्की बसते, पण हिरडीला आणि मुळांना रात्रीचे सहा-सात तास मोकळे लागतातच. रात्री लाळ कमी होते, झाकणाखाली किडीला तेव्हाच फावतं. तुम्ही कवळी काढणारच नसाल तर खरं सांगते, बटणांवर खर्च करू नका.

पण मला नाही वाटत तुम्ही काढणार नाही. आठ वर्षं तुम्ही हे लपवलं आहे, म्हणजे आठ वर्षं रोज रात्री एक खबरदारी घेतली आहे. दमायला होत नाही? माझ्या खुर्चीत नवरा-बायको दोघेही बसलेले मी पाहिलेत. ज्याने लपवलेलं असतं त्याला वाटतं आपलं गुपित आहे, आणि जोडीदाराला ते बहुतेक वेळा केव्हाच माहीत असतं; बेसिनवर ब्रश करायला कुणी इतका वेळ दार लावून घेत नाही. तुमच्या घरी तसंच असेल असं मी म्हणत नाही. मात्र सांगायचं झालंच तर पटाशीचे दात काढतात तो दिवस बरा. त्या दिवशी तोंडात काहीतरी कमी आहे हे सांगायला कारण आपोआप मिळतं. अगदीच जमत नसेल तर दिवसा, घरात एकटे असताना, तेवढेच तास कवळी काढून ठेवा. रात्रीइतकं ते चांगलं नाही, पण चोवीस तास घालण्यापेक्षा खूप बरं.

दुसऱ्या डेंटिस्टकडे परत जाताना पूर्ण एक्स-रे मागा आणि दोनच गोष्टी विचारा: सुळ्यांचं किती मूळ हाडात आहे, आणि पहिल्या वर्षी मला किती वेळा बोलावणार. दर तीन-चार महिन्यांनी म्हणाले तर समजा माणूस मुळांचा विचार करतोय. बसवून झालं की यायची गरज नाही म्हणाले, तर तिसरं मत घ्या.

आणि त्याच भेटीत वरची कवळी काढून दाखवा. ती रात्रीही तोंडातच असते, हे तुम्ही न लिहिताच लिहिलंय; आठ वर्षं झाकलेला टाळू बहुधा लाल झालेला असेल, आणि तो लाल झाला तरी दुखत नाही. शिवाय वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे दात अशी जोडी असली की चावण्याचा मार वरच्या पुढच्या हाडावर पडतो, तिथली हिरडी मऊ, लोंबती होते. तुमचं तसं झालं असेल तर खालच्या कवळीचे दात मांडतानाच त्याचा विचार करावा लागेल, आणि वरची कवळीही बहुधा नवी लागेल. खालच्या सुळ्यांना हात लावण्याआधी ते बघून घ्या.